अधांतरीचा जमाखर्च

पंचगंगेचा पूर कोल्हापूरकरांस नवा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हा हिशेब तेथील शाळकरी मुलांसही पाठ असतो. परंतु २०१९ सालच्या ऑगस्टात ही पातळी ५५ फुटांच्याही वर गेली. पुणे-बेंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. आणि कृष्णा-पंचगंगेच्या संगमाभोवतालचा शिरोळ तालुका एखाद्या विस्तीर्ण सरोवरासारखा दिसू लागला. नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि आसपासची खेडी यांचा रस्त्याशी असलेला संबंध तुटला. जेथे शक्य तेथे होड्या गेल्या. वायुदल, नौदल आणि तटरक्षक दल यांची विमाने व हेलिकॉप्टरेही मदतकार्यास लागली.

अशा वेळी कौलारू घराच्या किंवा गच्चीच्या माथ्यावर बसलेल्या माणसाने डोक्यावर आलेल्या हेलिकॉप्टराकडे पाहावे, तो त्याचे वर्तन त्यास मोठे चमत्कारिक वाटते. ते सरळ येऊन उभे राहत नाही. घराभोवती एक घिरटी घालते, दूर निघून जाते, मग वाऱ्याकडे तोंड करून सावकाश पुढे सरकते. बराच वेळ एका जागी थांबून दोरावरून तीन माणसे वर घेते आणि चौथ्यास हाताने खूण करून निघून जाते. आत जागा तर अजून आहे! काही गावांवर ते थांबतही नाही; अन्नाची पाकिटे टाकून पुढे सरकते. खालच्या माणसास ही एक तर निष्ठुरता वाटते, नाही तर भीती. वस्तुतः दोन्ही नव्हे. त्या यंत्राच्या चालकापुढे त्या क्षणी एक जमाखर्च उभा असतो, आणि त्यातील शिल्लक संपली तर वर घेतलेली तीन माणसेही परत पाण्यात जावयाची असतात.

हा जमाखर्च ज्या दोन शब्दांभोवती फिरतो ते ऊर्जा आणि शक्ती हे होत. बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. येथे मात्र ते वेगळे ठेवले पाहिजेत. विहिरीतून शंभर घागरी पाणी वर काढावयाचे तर त्यास लागणारी ऊर्जा ठरलेली आहे. मोटेने काढा की पंपाने काढा. पण बैलांची मोट जे पाणी दिवसभरात काढील तेच पंपाने घटकाभरात काढावयाचे असेल, तर पंपाची अश्वशक्ती मोठी हवी. ऊर्जा ही साठ्याची गोष्ट आहे, शक्ती ही दराची. घरात धान्याचे कोठार भरलेले असूनही जात्याचे तोंड लहान असेल, तर दहा पाहुण्यांना वेळेवर भाकरी मिळत नाही. हेलिकॉप्टराच्या टाकीत तासाभराचे इंधन असते, तरी पुढल्या दोन सेकंदांत त्यास जेवढी शक्ती हवी तेवढी इंजिन देऊ शकत नसेल, तर त्या इंधनाचा काडीइतका उपयोग नाही.

आता पहिले कोडे. हेलिकॉप्टर एका जागी स्थिर असते तेव्हा ते काही काम करीत नाही असे दिसते. ना वर जाते, ना पुढे. मग त्याला शक्ती कशासाठी लागते? खुंटीवर टांगलेल्या कंदिलास तर काहीच लागत नाही. फरक इतकाच की हेलिकॉप्टरास खुंटी नाही. ते ज्यावर उभे राहावयाचे ती हवा पायाखालून सतत निसटत असते, आणि प्रत्येक क्षणी नवी हवा खाली ढकलून त्यास आपली खुंटी नव्याने ठोकावी लागते.

आपल्या सैन्यदलांनी दीर्घकाळ वापरलेल्या ‘चेतक’ हेलिकॉप्टराचे उदाहरण घ्यावे. त्याचे कमाल वजन २,२०० किलो; वरील पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ११ मीटर. एवढे वजन हवेत तोलून धरण्यासाठी कोल्हापूरच्या हवेत या पात्यांना दर सेकंदास सुमारे एक टन हवा खाली लोटावी लागते. ही हवा पात्यांखाली पोचेपर्यंत ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगाने वाहू लागते. वादळात कौले आणि पत्रे उडतात ते अशाच वाऱ्याने. म्हणून हेलिकॉप्टर घराच्या अगदी जवळ येण्यास बिचकते यात नवल नाही. ही सारी हवा गतिमान करण्यात, पाती हवेतून कापत नेण्यात आणि शेपटीवरचा छोटा पंखा फिरविण्यात चारशेहून अधिक अश्वशक्ती सतत खर्ची पडते. यंत्र जागचे हलत नाही, पण घरचा खर्च चालूच असतो. किंबहुना साध्या उड्डाणातील सर्वांत मोठा खर्च हाच.

येथेच दुसरे कोडे निघते, आणि ते पहिल्याहून अधिक रंजक आहे. तेच चेतक ताशी शंभर किलोमीटर वेगाने पुढे जाऊ लागले, म्हणजे त्याचा खर्च वाढावयास हवा. तो उलट जवळजवळ निम्म्यावर येतो. बैलगाडी उभी असताना बैल दमावेत आणि चालू लागताच त्यांना विसावा मिळावा, असा हा प्रकार. कारण असे की उभ्या हेलिकॉप्टरास सेकंदाला एक टनच हवा हाती लागते, तर पुढे जाणाऱ्यास समोरून येणारी ताजी हवा तिप्पट मिळते. हवा तिप्पट मिळाली की प्रत्येक किलो हवेस एकतृतीयांश वेगानेच खाली ढकलले तरी तेवढाच आधार मिळतो. आधार वेगाच्या प्रमाणात मिळतो, पण खर्च वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात होतो. थोड्यांना जोराने ढकलण्यापेक्षा पुष्कळांना हळूच ढकलणे स्वस्त पडते, हे गणित येथे उपयोगी येते. वेग फारच वाढविला तर मात्र यंत्राच्या अंगास हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि खर्च पुन्हा चढतो. तेव्हा खर्चाचा आलेख दोन डोंगरांमधल्या दरीसारखा होतो: एका टोकास अधांतरी उभे राहणे महाग, दुसऱ्या टोकास अतिवेग महाग, आणि मध्ये ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास स्वस्ताई.

यावरून पूरग्रस्ताच्या घराभोवतीची ती घिरटी समजू लागते. स्वस्ताईच्या वेगात असताना चालक घर पाहतो, विजेच्या तारा पाहतो, वारा कोणीकडून आहे ते पाहतो आणि हातात किती शक्ती शिल्लक आहे ते शक्तिमापकावर पाहतो. एकदा उतरणीस लागून वेग कमी करू लागला, की खर्च प्रत्येक क्षणाला वाढत जाणार आणि अखेरीस घराच्या माथ्यावर तो शिखर गाठणार. म्हणजे या प्रवासात सर्वांत मोठे बिल अगदी शेवटी येते. वाटेत सगळे सुरळीत चालले होते म्हणून शेवटीही चालेल, असा भरवसा येथे घातक आहे. शहाणा चालक बिल आधी वाचतो आणि मग हॉटेलात शिरतो.

वाऱ्याकडे तोंड करण्याचे कारणही तेच. समोरून ताशी तीस किलोमीटरचा वारा येत असेल, तर घरावर स्थिर उभे असलेले हेलिकॉप्टर हवेच्या दृष्टीने तीस किलोमीटर वेगाने पुढेच चाललेले असते. ताजी हवा त्यास फुकट मिळते. हाच वारा पाठीमागून घेतला किंवा ऐन वेळी बदलला, तर मिळालेली सवलत एका क्षणात परत द्यावी लागते. दिनांक २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथून तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निघालेले हेलिकॉप्टर वर उठले आणि थोड्याच वेळात खाली येऊन विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सर्वजण वाचले. बदलत्या वाऱ्याचा उल्लेख त्या वेळी विमानवाहतूक अधिकाऱ्यांनी केला होता. एखादा अपघात एकाच कारणाने क्वचितच घडतो. परंतु मे महिन्यातील मराठवाड्याचे ऊन, भरलेले यंत्र आणि चंचल वारा ही तिन्ही खर्चाच्याच बाजूस मांडली जातात, एवढे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

उन्हाचा आणि यंत्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. उष्ण हवा विरळ असते. उंचावरील हवाही विरळ असते. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे, आणि शिरोळचा सखल प्रदेशही अठराशे फुटांच्या आतबाहेर. पावसाळ्यातील २५ अंश उष्णतामानाच्या दिवशी तेथील हवा, वैमानिकांच्या प्रमाण-कोष्टकाप्रमाणे, साडेतीन हजार फूट उंचीवरील हवेइतकी विरळ भरते. वैशाखातील ३८ अंशांच्या दुपारी हाच आकडा पाच हजार फुटांपलीकडे जातो. म्हणजे कोल्हापूर जागच्या जागी राहूनही वैशाखात जणू महाबळेश्वराहून उंच डोंगरावर जाऊन बसते! विरळ हवेत पात्यांना तेवढाच आधार मिळविण्यासाठी अधिक वेगाने हवा लोटावी लागते. म्हणजे मागणी वाढते. आणि त्याच विरळ हवेत इंजिनास श्वास कमी मिळतो. म्हणजे पुरवठा घटतो. दुष्काळात धान्य महाग व्हावे आणि त्याच वर्षी मजुरीही बुडावी, तसे हे दुहेरी संकट आहे.

चेतकाच्या रचनाकारांनी यावर एक व्यवहारी तोड काढली. त्याच्या इंजिनाची कुवत ८७० अश्वशक्तीची. पण ते ५७० अश्वशक्तीपुरतेच बांधून ठेवले. खालच्या दाट हवेत इंजिन हवे तर अधिक देईल, परंतु पात्यांपर्यंत शक्ती पोचविणारी दातेरी चक्रपेटी तेवढी सोसणार नाही. डोंगरावर जाऊन इंजिन दुबळे होत गेले तरी ५७० पर्यंत देण्याइतका त्याचा दम पुष्कळ उंचीपर्यंत टिकतो. तेव्हा चालकास दोन वेगवेगळ्या मर्यादा सांभाळाव्या लागतात: सखल व थंड प्रदेशात चक्रपेटीची, उंच व उष्ण प्रदेशात इंजिनाच्या तापमानाची. पहिली ओलांडली तर त्या क्षणी काही होत नाही. चक्रांच्या दात्यांवर तो अपराध कोरला जातो आणि त्याचा जाब पुढे केव्हा तरी द्यावा लागतो. दुसरी गाठली तर जाब तेथल्या तेथेच.

हा तेथल्या तेथे मिळणारा जाब कोणता, हे समजण्यास करवीर प्रांतातील गुऱ्हाळाइतके उत्तम उदाहरण नाही. चरक चालविणाऱ्या ऑइल इंजिनास एक मोठे जड चाक असते. चरकात चार-सहा ऊस घातले तोवर इंजिन एका लयीत चालते. एखाद्या अननुभवी पोराने जाडजूड मोळीच एकदम आत सारली, की इंजिन कण्हते, पण लगेच बंद पडत नाही. जड चाकात साठलेली गती काही क्षण त्यास ओढून नेते. मग फेरे मंदावू लागतात, पट्टा घसरतो आणि चरक अडकतो. जाणता माणूस इंजिनाचा आवाज बदलताच मोळी मागे ओढतो. हेलिकॉप्टराची पाती हेच ते जड चाक होय. चालकाच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो. त्यास कलेक्टिव्ह म्हणतात. तो वर ओढला म्हणजे सर्व पात्यांचा कल एकदम वाढतो, पाती हवेचा मोठा घास घेतात आणि इंजिनावर भार येतो. इंजिनाजवळ शक्ती शिल्लक असेल तर यंत्र वर उठते. नसेल तर तेही प्रथम थोडे उठल्यासारखे करते, कारण पात्यांच्या फेऱ्यांतील साठा खर्ची पडत असतो. आणि मग फेरे घटू लागतात. आधार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे फेरे दहा टक्क्यांनी घटले की आधार जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटतो. यंत्र खचू लागते. घाबरलेला हात दांडा आणखी वर ओढतो, म्हणजे चरकात दुसरी मोळी सारतो. येथे जीव वाचविणारी कृती मनाच्या ओढीच्या नेमकी उलट असते: खाली जात असताना दांडा किंचित खाली करणे, पात्यांना हलके करणे, फेरे परत मिळविणे आणि शक्य तर पुढे निघून वेगाची स्वस्ताई गाठणे. ज्याच्या पायाखाली शंभर फूट मोकळे आहेत त्यास हे करता येते. ज्याच्या खाली दहा फुटांवर लोकांनी भरलेली गच्ची आहे त्यास येत नाही. म्हणून गच्चीवर जाण्यापूर्वीच हिशेब.

इंजिन ही मिळकत मानली, तर हेलिकॉप्टराजवळ तीन पुंज्या असतात: उंची, वेग आणि पात्यांचे फेरे. या एकमेकींत बदलता येतात, आणि बदलाचा भावही निश्चित आहे. ताशी शंभर किलोमीटर वेगात जेवढी ऊर्जा आहे, तेवढीच सुमारे चाळीस मीटर उंचीत असते. ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे मात्र वीस मीटर नव्हे, दहाच मीटर. येथेही वर्गाचे गणित. तिसरी पुंजी, म्हणजे फेऱ्यांची, ही कनवटीच्या पैशासारखी. रक्कम लहान, पण हाताशी तीच असते आणि ती संपली की बाकीच्या दोन असून नसल्यासारख्या होतात; कारण उंची किंवा वेग वापरावयाचे तरी ते पात्यांच्या द्वारेच.

इंजिन बंद पडले म्हणजे हेलिकॉप्टर दगडासारखे खाली येते, अशी समजूत सर्वत्र आहे. ती खोटी आहे. चालकाने तत्काळ दांडा खाली केला, तर खाली येणारे यंत्र खालून वर वाहणाऱ्या हवेवर आपली पाती पवनचक्कीसारखी फिरत ठेवते. यास ऑटोरोटेशन म्हणतात. उंचीची पुंजी ठरलेल्या दराने खर्चून फेरे राखले जातात. स्वस्ताईच्या वेगाने असे उतरणारे भरलेले चेतक शंभर मीटर उंचीवर सुमारे बारा सेकंद निभावते. एका जागी तरंगण्याच्या दराने तीच उंची सातच सेकंद पुरली असती. जमीन जवळ येताच चालक नाक वर उचलून वेगाची पुंजी मोडतो; त्याने उतरण्याचा दर कमी होतो आणि फेरे थोडे वाढतातही. अगदी शेवटच्या क्षणी दांडा ओढून फेऱ्यांची पुंजी खर्चतो आणि टेकतो. तीन पुंज्या, तिन्ही क्रमाने मोडावयाच्या, आणि शेवटची दुसऱ्यांदा मिळावयाची नाही.

या व्यवहाराचे सर्वांत अद्भुत उदाहरण दिनांक २१ जून १९७२ रोजी फ्रान्समध्ये घडले. ज्यां बूले नावाच्या वैमानिकाने ‘लामा’ जातीचे हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेले. हे यंत्र म्हणजे आपल्याकडे ‘चीता’ या नावाने बांधल्या गेलेल्या हेलिकॉप्टराचेच मूळ. एवरेस्टच्या माथ्याहूनही साडेतीन हजार मीटर वर, तेथील भयंकर थंडीत, त्याचे इंजिन विझले आणि पुन्हा पेटले नाही. बूलेजवळ इंधन होते, पण मिळकत शून्य झाली. तरी उंचीची प्रचंड पुंजी हाती होती. तेवढ्यावर तो पात्यांचे फेरे सांभाळीत जमिनीपर्यंत सुखरूप आला.

बूलेपाशी जे विपुल होते तेच पुरातील बचावकर्त्यापाशी नसते. तो घरावर पन्नास-साठ फूट उंचीवर उभा असतो: वेग शून्य, उंची तुटपुंजी, खर्च कमाल. तिन्ही पुंज्यांपैकी दोन त्याने जाणूनबुजून बाजूस ठेवलेल्या असतात. वैमानिकांच्या पुस्तकात उंची आणि वेग यांच्या अशा जोड्यांचा एक आलेख असतो. त्यातील काही भाग रेघा मारून काळा केलेला असतो, कारण तेथे इंजिन थांबले तर सुखरूप उतरण्याइतकी पुंजी नसते. दोरावरून माणूस वर घेण्याचे काम बहुतेक या काळ्या भागातच चालते. दोन इंजिनांची हेलिकॉप्टरे अशा कामास बरी मानतात ती यामुळेच; परंतु भरल्या वजनाने तरंगताना एक इंजिन गेले, तर उरलेले एक नेहमीच सावरील असे नाही.

मग खाली का येत नाही? खाली आल्यास एक सवलतही मिळते. पाती जमिनीपासून आपल्या व्यासाच्या आत आली, की खाली लोटलेल्या हवेस पसरण्यास वाव राहत नाही, पात्यांखाली एक प्रकारची गादी तयार होते आणि खर्च सरासरी दहा टक्क्यांनी कमी होतो. पण ही सवलत सपाट, कठीण, विस्तीर्ण जमिनीवर पूर्ण मिळते. शिरोळातील उभा ऊस ती बरीचशी खाऊन टाकतो. पाने हलतात, हवा त्यांत मुरते, गादी विस्कटते. लहान गच्चीवर पात्यांचे अर्धे वर्तुळ छतावर आणि अर्धे मोकळ्या पाण्यावर राहते. मग सवलतही अर्धवट आणि एका अंगाची. शिवाय पुरात तारा कोठे, खांब कोठे, विहिरीचा कठडा कोठे, हे गढूळ पाण्याखाली कोणास दिसणार?

झपाट्याने सरळ खाली येण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो नदीकाठच्या माणसास सहज पटण्याजोगा आहे. हेलिकॉप्टर आपणच खाली लोटलेल्या हवेत, तिच्याच वेगाच्या जवळपास उतरू लागले, की ती हवा पात्यांच्या कडेने वर येऊन पुन्हा वरून आत ओढली जाते. पात्यांभोवती हवेचे एक गोल कडे भोवऱ्यासारखे फिरू लागते. इंजिन पूर्ण शक्ती देत असते. पण ती सारी त्या भोवऱ्याला फिरविण्यात जाते आणि यंत्र खालीच जात राहते. दांडा वर ओढावा तर भोवरा अधिकच जोर धरतो. कृष्णेच्या भोवऱ्यात सापडलेला पोहणारा वर येण्यासाठी धडपडत नाही, आडवा निघतो. वैमानिकही तेच करतो. पुढे किंवा बाजूस सरकून तो ताज्या हवेत जातो. यास्तव बचावाचे हेलिकॉप्टर घाईत असले तरी उतरताना सावकाश असते, आणि ते सरळ खाली न येता तिरपे येते.

केरळातील २०१८ च्या ऑगस्टमधील पुरात नौदलाच्या ‘सी किंग’ हेलिकॉप्टराने एका घराच्या छतावर चाके टेकवून वीसहून अधिक माणसे आत घेतली. त्याची चित्रे देशभर पाहिली गेली आणि पुष्कळांस वाटले की ते छतावर उतरले. खरे म्हणजे ते उतरले नव्हते. कित्येक टनांचे ते ओझे छतावर टाकले असते, तर खालचे घर बसले असते. चाके केवळ स्पर्श करीत होती. सारे वजन पाती तोलून धरीत होती. एकेक माणूस आत चढला की पन्नास-साठ किलो वाढावयाचे आणि चालकाने तेवढीच शक्ती वाढवावयाची. जास्त वाढली तर यंत्र छतावरून उचलले जाऊन चढणारा खाली पडावयाचा, कमी वाढली तर छतावर भार यावयाचा. हे काम धाडसाचे म्हणून गाजले. धाडस त्यात होतेच. पण असा काटा हातात धरण्यापूर्वी शक्तीची शिल्लक मोजलेली असावी लागते.

आता त्या चौथ्या माणसाचा प्रश्न. चेतकाचे रिकामे वजन साडेअकराशे किलोच्या आतबाहेर. दोर ओढण्याचे यंत्र आणि तीन कर्मचारी धरून ते साडेचौदाशेच्या जवळ जाते. टाकी पूर्ण भरली तर साडेचारशे किलो इंधन. म्हणजे एकोणीसशे झाले. हिशेबाच्या सोयीसाठी असे समजावे की त्या दिवसाच्या हवेत, थोडी शक्ती राखून ठेवून, अधांतरी उभे राहण्याची मर्यादा २,१०० किलो निघाली. मग शिल्लक दोनशे किलो: तीन माणसे, आणि तीही भिजल्या कपड्यांनिशी. चौथ्याला घेतले तर यंत्र त्या क्षणी कोसळेल असे नव्हे. राखीव शक्ती तेवढी संपेल, आणि वारा किंचित पडला की गुऱ्हाळातील जाड मोळीचा प्रसंग ओढवेल. होडीत माणसे जास्त झाली तर तिचा काठ पाण्याला टेकू लागलेला निदान डोळ्यांस दिसतो. तरीही दिनांक ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे बसलेली बोट उलटली आणि अनेकांचा अंत झाला. जिवावर बेतलेल्या माणसास काठ दिसत असूनही दिसत नाही. हेलिकॉप्टरास तर असा काठच नाही. तो काठ चालकाच्या समोरील तबकडीवर, एका काट्याच्या रूपाने, फक्त त्यालाच दिसत असतो.

इंधन कमी का भरू नये, ही सूचना अगदी योग्य आहे. आणि अनुभवी पथके नेमके तेच करतात. उजळाईवाडीहून नृसिंहवाडीचे हवाई अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. जाण्यास दहा-बारा मिनिटे. एवढ्यासाठी टाकी काठोकाठ भरणे म्हणजे दोन माणसांच्या जागी रॉकेल वाहणे. पण टाकी फारच हलकी ठेवली आणि वाटेत पावसाने दृष्टी बंद होऊन वळसा घ्यावा लागला, किंवा एका घराऐवजी तीन घरांवर थांबावे लागले, तर परतीचे गणित बिघडते. आणि थांबण्याचा खर्च तर चालण्याहून अधिक. अन्नाची पाकिटे चालत्या हेलिकॉप्टरातून टाकतात तीही याच कारणाने. एका गावावर पाच मिनिटे उभे राहण्याच्या इंधनात यंत्र त्याहून अधिक वेळ चालते, आणि तेवढ्यात पुढल्या कित्येक वाड्यांना भाकरी पोचते.

म्हणून गच्चीवरील माणसांची पहिली खेप बहुधा सर्वांत लहान असते. उड्डाण जसे लांबत जाते तसतसे इंधन जळते, दर अर्ध्या तासास सुमारे एका माणसाचे वजन टाकीतून नाहीसे होते, आणि यंत्र त्या मानाने हलके होते. मागे राहिलेल्या चौथ्याकडे तेच हेलिकॉप्टर परत येते तेव्हा त्याच्यासाठी आत जागा झालेली असते. आणि वारा तोवर समोरून वाहत राहिला, तर त्याच्या शेजारच्या पाचव्यासाठीही.